जीपवरची आंघोळ

शेलूबाजारला जीपा थांबायच्या, त्या जागेमागे एक पत्रेवाला पत्र्याची कामं करायचा. बोलताना माणसाच्या तोंडाकडे नाही, हातांकडे पाहायचा. सर्व्हेच्या मुक्कामांवर थंडीत आंघोळीचे हाल व्हायचे, म्हणून मी त्याच्याकडे डबा घ्यायला गेलो. गरम पाणी भरून जीपच्या हुडाच्या दांडीला टांगायचा, खाली तोटी आणि झारीसारखं भोकांचं तोंड. लहान-मोठी दोन मापं होती. मी मोठ्यावर बोट ठेवलं.

"उचलन कोन?" घागर असो की कोठी, प्रत्येक गिऱ्हाइकाला तो हेच विचारायचा.

"आमचा ड्रायव्हर."

पन्नाशीचा ड्रायव्हर कंबरेवर हात ठेवून चाकाशी उभा होता. पत्रेवाल्यानं मोठा डबा काठोकाठ भरला नि माझ्यापुढे ठेवला.

"टांगा, साहेब."

डबा छातीपर्यंत येईस्तोवर माझे बूट भिजले. मला रागच आला.

"मंग लहान घ्या. दोनदा भरा. कायले कोनाचा जीव काढता?"

लहान घेतला. आसेगावच्या मुक्कामी सकाळी पाणी मीच तापवलं, डबा मीच भरून टांगला.

"चला," मी ड्रायव्हरला म्हणालो, "पहिला नंबर तुमचा."

त्यानं आधी माझ्या हातांकडे पाहिलं, मग टॉवेल खांद्यावर टाकला.