झाकलेलं ऊन

बेसा गावच्या वावरातली आमची विहीर फार खोल, पण झरा करंगळीएवढा. काही वर्षांपूर्वी उन्हावर चालणारा पंप घ्यायचं ठरलं. विकणारा म्हणाला, लहान घ्या, दिवसभर थोडं थोडं पाणी ओढेल. मला शिकल्याचा माज. मी मोठाच घेतला. मे महिन्यात त्याने तासाभरात विहिरीचा तळ गाठला आणि पुढे दिवसभर नुसता घरघरत राहिला. त्याचा जोर कमी व्हावा म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्याला वीज देणाऱ्या निम्म्या काचा पोत्यांनी झाकल्या, तर एवढ्या खोलातून पाणी वरच चढेना. धुऱ्याच्या बांधावरून शेजारच्या काकांनी विचारलं, “ऊन काहून झाकून राहिला गा?”

मी पोती ओढून काढली. तासाभराने पंप पुन्हा कोरडाच घरघरू लागला.