भिंतीवरची बोटं

दादा जाऊन महिना झाला होता. एका सकाळी छावणीतल्या आमच्या घराची भिंत एक पेंटर खरवडताना दिसला. तिथं ‘कुष्ठरोग बरा होतो’ असं लिहून खाली रोग्याचं चित्र काढायचं सरकारी काम त्याच्याकडे होतं. आमचं गुपित याला कळलं की काय, असा मला संशय आला. दादाला हा रोग होता. गोळ्यांनी तो बराही झाला, पण घरात लग्नाची मुलगी, म्हणून गल्लीत आम्ही कुणाला कळू दिलं नव्हतं.

“आमचीच भिंत का?” मी विचारलं.

“गुरुजी, ज्याच्या घरात रोगी, तो भिंत देतच नाय,” ब्रश कानामागं खोचत तो हसला. “तुम्ही दिली तर कोन शक करंल?”

हा सगळं जाणून बोलतोय, असं वाटलं. तरी मी हो म्हणालो.

पुराणकथेतल्या, कुष्ठाचा शाप लागलेल्या सांबापासून परदेशी चित्रांतल्या घंटा वाजवणाऱ्या भिकाऱ्यांपर्यंत, पुस्तकांत मी पाहिलेले बहुतेक महारोगी झडलेल्या बोटांचेच होते. पेंटरनंही तशीच थोटकं रेखली.

“बोटं पुरी काढा,” माझ्या तोंडून निघून गेलं. “दादाची शेवटपर्यंत पुरी होती.”

त्यानं गल्लीत दोन्हीकडं पाहिलं, आणि थोटकं पुसायला फडकं उचललं.