काउंटर चार

आमच्या गल्लीतल्या छपाईवाल्या ताईंना हातावर हात ठेवून बसलेलं कुणी पाहिलं नसेल. फलक, पावत्या, पुस्तकांची कव्हरं, सगळं त्याच करायच्या. धाकट्या भावाला त्यांनी याच दुकानावर शिकवलं आणि दुकानही कागदोपत्री त्याच्याच नावावर ठेवलं. मी शेजारचा बाइंडर. "निदान अर्धं तरी तुमच्या नावावर करा," असं एकदा सुचवलं, तर माझ्यावरच उखडल्या.

दुकानात लिनक्सचे दोन कॉम्प्युटर. पुढच्यावर ताई पानं लावायच्या, आतल्याला मोठा प्रिंटर जोडलेला. आतल्या मशीनचं नाव धाकट्यानं 'ताई' ठेवलं होतं. पुढून पान पाठवलं की ते त्या नावाच्या मशीनकडे जायचं. ताईंना याचं कोण कौतुक! येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या.

त्या सकाळी मी कव्हरं न्यायला गेलो, तर पानं आत जाईनात. 'ताई' नावाचं मशीनच सापडत नाही, म्हणे. ताईंनी धाकट्याला फोन लावला. "बंद करून चालू कर," म्हणाला आणि ठेवून दिला. तसं केलं, तरी ढिम्म. मग ताई आतल्या मशीनपुढे बसल्या आणि प्रिंटर पुन्हा सुरू करायची, भावानंच शिकवलेली कमांड दिली. पडद्यावर तक्रार आली: 'काउंटर-४' या नावाचा पत्ता लागत नाही.

"आपल्याकडे काउंटर एकच, तोही डुगडुगणारा," ताई हसल्या. "हे चार कुठून आलं?"

मला हसू आलं नाही. चौकातल्या बड्या छपाई दुकानात मशीनना काउंटर-१, काउंटर-२, काउंटर-३ अशीच नावं आहेत. त्यांच्या पावत्यांवर तळाशी छापून येतात. मी तसं सांगितलं. ताईंनी सेटिंग उघडली. मशीनचं नाव दोन फायलींत बदलावं लागतं. एकीत 'काउंटर-४' होतं, दुसरीत अजून 'ताई'च. काल संध्याकाळी धाकटा "जरा साफसफाई करतो" म्हणून आत बसला होता. घाईत अर्धवट करून गेला. ताईंचा चेहरा खाडकन उतरला आणि माझं डोकं फिरलं.

दुपारी तो आला, तेव्हा ताई अजून तिथंच होत्या.

"दुकान विकलंस?"

"विकलं म्हणजे... ते सामानासकट घेतायत सगळं. तुला सांगणारच होतो गं."

"मशीनला आधी सांगितलंस."

माझ्या तोंडात शिवी आली होती, ती गिळली. त्याच्या फीसाठी या बाईनं डोळे फोडून घेतले होते.

"आणि मी रे?" ताईंनी विचारलं. "मी कुठल्या काउंटरला बसायचं?"

"तुझं बोलतो ना मी त्यांच्याशी."

बोलतो, म्हणाला. म्हणजे मशीनची जागा ठरली होती, नावही ठरलं होतं, आणि बहिणीचा विषय अजून निघालाच नव्हता.