भंडाऱ्याची बातमी
त्या वर्षी विधी ग्रंथपालांच्या विभागीय संघाची सभा भंडाऱ्याला, जिल्हा न्यायालयातल्या माझ्याच ग्रंथालयात भरली. पुढच्या सोमवारी ग्रंथालयाची ती खोली न्यायालयाच्या कॅन्टीनला जाणार होती आणि पुस्तकं उघड्या व्हरांड्यात. संघानं विरोधाचा ठराव केला, तरच काही आशा होती. मी इंग्रजी शाळेत शिकलेली; मराठी वाक्यं आठवडाभर पाठ केली होती. जिल्हावार बातम्यांत माझी पाळी आली, तेव्हा एका दमात सगळं सांगितलं.

अध्यक्षांनी कार्यक्रमपत्रिका पाहिली. "ताई, ही बातमी नाही, तक्रार झाली. तक्रारी पुढच्या सभेत."

"ती दिवाळीनंतर आहे. तोवर पुस्तकं भिजतील."

"काहून घाबरता? पुस्तकं का पळून जाऊन राहिली?" शेजारचे ग्रंथपाल म्हणाले. सगळे हसले.

मी खाली बसले. अध्यक्षांनी इतिवृत्तात भंडाऱ्याच्या नावापुढे 'विशेष काही नाही' असं लिहून घेतलं.