गोल्फच्या सहलीतली माझी जागा

वसईकर मैत्रिणींनो, आज दुपारी माझ्या दिराने मला गृहीत धरलं, म्हणून हे लिहिते आहे.

पावसाळ्यात गोव्यातली हॉटेलं स्वस्त असतात, तेव्हा जाऊन गोल्फ खेळू, ही कल्पना माझी. एका गटात चौघेच खेळतात: नवरा, दीर पास्कल, त्याचा मित्र आणि मी. मैदान, हॉटेल, गाडी सगळं मीच ठरवलं. निवृत्तीनंतर जाळीत चेंडू मारून सराव केला. खऱ्या मैदानावर पहिल्यांदाच उतरणार होते.

आज पास्कल म्हणतो, "वहिनी, आमचे साहेब येतायत, तुमच्या जागी ते खेळतील. पण तुम्ही या हां! मासेमारी बंद, तिथे ताजं मावरं नाही मिळायचं. सुके बोंबील घ्या, तुमच्या हातची चटणी होऊन जाऊ दे."

"म्हणजे मी स्वयंपाकाला?"

"काय वहिनी, लगेच रागावता!"

नवरा म्हणाला, "जाऊ दे ना, दोनच दिवस आहेत."

ठरवायचं आपण आणि खेळायचं साहेबांनी. तुमच्याकडेही असंच चालतं का?

संध्याकाळी पास्कलच्या हाती हॉटेलची पावती, मैदानाचं आरक्षण आणि गाडीवाल्याचा नंबर दिला. माझं नाव सगळीकडून काढलं आहे. नवऱ्याच्या हाती खलबत्ता दिला.