फॅमिलीवाला बंपर

आमच्या विचुंब्यात चढ म्हणावा असा एकच आहे, नव्या बिल्डिंगच्या तळघरातल्या पार्किंगचा. बाकी सगळी भाताची सपाट जमीन होती आणि आता तिच्यावर सपाट काँक्रीट आहे. अशा गावात राहून माझ्या चुलतभावाने डोंगर चढणारी जीप घेतली. सेकंडहँड, काळी, मागे समोरासमोर दोन बाकडी असलेली. त्या बाकड्यांवर बसायचं तर मागचं दार उघडून चढावं लागतं. दादाने ती घेतली तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. उलट बरं वाटलं, कारण दर सोमवारी काकी तिच्यातून मावशीकडे जायला लागली.

काकी म्हणजे दादाची आई. मावशी ही काकीची धाकटी बहीण, उरणच्या वाटेवर खाडीकाठच्या एका गावात राहते. तिचं अर्धं अंग गेलंय, वाचाही गेली. घरातली माणसं चांगली आहेत, वेळेवर भरवतात, पण दोन घासांनंतर ती तोंड मिटून घेते. काकीच्या हातून मात्र वाटीभर पेज खाते, वर सुकटीची चटणीही चाटते. आठवड्यातलं पोटभर जेवण तेवढं एकच. तिकडे थेट काही जात नाही, दोनदा बदलावं लागतं, आणि बसची पायरी काकीला जमत नाही. तिचे गुडघे लहानपणी मिठागरात गेले असं ती सांगते. खास रिक्षा करूया म्हटलं तर म्हणते, "घरान गाडी असताना? लोकं काय बोलतील."

पण ती गाडी घरची राहिली नाही. दादाचा एक ग्रुप आहे, पाचसहा जणांचा. सगळ्यांच्या जमिनी सरकारने घेतल्या, बदल्यात सगळ्यांकडे प्लॉट आले आणि सगळ्यांकडे अशाच जीप. रविवारी सकाळी हे लोक बंद पडलेल्या खाणीकडे जातात, गाड्यांना चिखल लावतात आणि वडापाव खाऊन परत येतात. तो चिखल मग तीन दिवस धुवायचा नसतो. त्यांच्यातल्या एकाला मी काच आणि नंबरप्लेट पुसून दारावरचा चिखल तसाच ठेवताना पाहिलंय. इतकी काळजी त्याने आयुष्यात दुसऱ्या कशाची घेतली असेल असं मला वाटत नाही.

आधी जीपचे बाजूचे फूटस्टेप निघाले. ते दगडाला घासतात म्हणे. पुढची सीट त्यामुळे काकीला बंद झाली. मग टायर मोठे आले आणि गाडी उंच झाली. त्या सोमवारी काकी मागे उभी राहून म्हणाली, "वाढली काय रे गाडी? पोरासारखी?" तरी ती कशीबशी चढली, कारण मागच्या जुन्या बंपरला खाली लोखंडी जाळीची एक पायरी होती. गाडीत काकीला चढता येईल अशी तेवढीच जागा उरली होती.

आणि आता दादाला मागचा बंपर बदलायचा होता.

मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे इंग्रजीत आलेलं कुठलंही पत्र, कुठलंही औषध आणि कुठलंही मशीन माझ्याकडे येतं. मला त्यातलं अर्धंच कळतं, पण तसं सांगायचं धाडस होत नाही. दादाने मोबाईलवर बंपरची पानं उघडून माझ्यापुढे ठेवली. डिपार्चर अँगल म्हणजे काय, ते सांग म्हणाला. मी सांगितलं: गाडी चढावरून उतरताना तिचं ढुंगण जमिनीला लागू नये म्हणून मागची बाजू किती वर कापलेली आहे, ते. दादा खूश झाला. मी मनात म्हटलं, तुझ्या जीपचं ढुंगण आजवर फक्त खांदा कॉलनीच्या स्पीडब्रेकरला लागलंय.

तरी मी काम नीट करायचं ठरवलं. दुकानात जायच्या आदल्या दिवशी दुपारी काकी ओटीवर तांदूळ निवडत होती. मी तिला उठवून तिच्यापुढे पाट ठेवला, त्यावर एक वीट, मग एक वही, मग दुसरी वही, आणि दर वेळी वर पाय ठेवायला सांगितलं. तिला वाटलं माझ्या कॉलेजचं काहीतरी आहे, म्हणून तिने हसत हसत केलं. अकरा इंचांपर्यंत जमलं. बाराव्याला ती "आई गो" म्हणून खाली बसली. मी वहीत अकरा लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. मला स्वतःचं जरा कौतुकही वाटलं. एवढ्या लोकांनी एवढे बंपर घेतले असतील, पण त्यासाठी कोणी गुडघा मोजला नसेल.

दुकान सुकापूरच्या रस्त्याला आहे. बाहेर बंपर असे टांगलेले असतात जसं काही मटण. दादाबरोबर त्याचे दोन मित्र आले होते. दुकानदार माझ्याकडे बघून म्हणाला, मॅडमसाठी सीटकव्हर का? दादाने सांगितलं की ही इंजिनियर हाय आमची, हिला दाखवा. मला तेव्हा अभिमान वाटला, हे कबूल करते.

दुकानदाराने तीन बंपर काढले. पहिला जाड पत्र्याचा, दोन्ही टोकं वर कापलेली, अडकलेली गाडी ओढायला लाल कड्या, दोन दिवे. दुसरा तसाच, पण त्यावर डिझेलचा डबा अडकवायची जागा. आमच्यापासून पेट्रोलपंप चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिसरा साधा, काळ्या पाइपचा, मध्ये खाली उतरलेली रुंद पायरी. टेप लावायचीही गरज नव्हती, तरी मी लावली. गाडीला बसवल्यावर पायरी साडेदहावर आली असती.

"हा पण चांगला आहे," मी म्हणाले.

दुकानदार म्हणाला, "चांगलाच आहे. फॅमिलीवाला आहे तो. शाळेच्या गाड्यांना लावतात."

एवढं पुरलं. एक मित्र म्हणाला, "घे रे, उद्यापासून पोरं सोड शाळेत. डबा पन मिलंल." दुसऱ्याने त्यावर बस कंडक्टरसारखी शिट्टी वाजवली. दादा हसला, पण तिसऱ्या बंपरपासून दोन पावलं लांब सरकला, जणू तो अंगाला लागेल.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. वाक्य तयार होतं: काकीचा पाय अकरा इंचांच्या वर जात नाही. शाळकरी पोरालाही बोलता येईल इतकं सोपं वाक्य. पण त्या दुकानात, त्या लाल कड्यांपुढे, ते मला लाजिरवाणं वाटलं. आपल्या घरातल्या बाईचा गुडघा काढून या लोकांपुढे ठेवायचा आणि त्यांनी त्यावरही शिट्टी वाजवायची. शिवाय मला इंजिनियर म्हणून आणलं होतं. म्हणून मी इंजिनियरसारखं बोलले. म्हणाले की जाड पत्र्याचा बंपर जड आहे, मागच्या स्प्रिंगवर लोड येईल, गाडी मागून बसेल.

दुकानदाराने माझ्याकडे पहिल्यांदा आदराने पाहिलं. "मॅडम बरोबर बोलतात," तो म्हणाला. "याच्यासोबत हेवी स्प्रिंग घ्याच. मागून दीड इंच उचलतो आपण. एकदम शेप येईल."

दीड इंच आणखी वर. माझ्या शिक्षणाने काकीला आणखी दीड इंच वर टांगलं. मित्र म्हणाले, बहीण कामाची हाय तुझी. दादाने माझ्यासाठी कोल्ड्रिंक मागवलं आणि मी ते प्यायले.

बंपर लावायला दोन तास गेले. दुकानदाराने मग गाडी पुढे-मागे फिरवून दाखवली. तिघांनी फोटो काढले, एक जण तर रस्त्यात उकिडवा बसला. जुना बंपर भिंतीशी पडला होता, जाळीच्या पायरीसकट. तो घरी न्यायचा का, असं मी हळूच विचारलं. दादा म्हणाला, भंगार कनाला नेतेस? मी पुन्हा विचारलं नाही. मला त्या सगळ्यांची किळस आली होती आणि मी त्यांच्याच गाडीत बसून घरी आले. दादाने मला हात देऊन वर ओढलं. बावीस वर्षांच्या मुलीला त्या गाडीत चढायला हात लागला, हे कोणाच्याही लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सोमवार. मला परीक्षेची सुट्टी होती. काकी पेजेचा डबा पिशवीत घालून बाहेर आली, नेहमीचं जांभळं लुगडं, केसात अबोली. दादा स्टिअरिंगवर बसून होता, इंजिन चालू. काकी मागे गेली आणि थांबली. तिने पाय उचलला, तो बंपरच्या खालच्या कडेपर्यंतही गेला नाही. मग तिने दुसरा उचलून पाहिला. मग बंपरवरून हात फिरवला, जसा ती बाजारात मासळीवरून फिरवते.

दादा आरशात बघून ओरडला, "आई, बस ना."

"कशावर?" काकी म्हणाली.

तो उतरून आला. आधी म्हणाला थांब, स्टूल आणतो. स्टूल आणलं. फायबरचं स्टूल, ते काकीच्या वजनाखाली हललं आणि ती लगेच खाली उतरली. मग त्याने तिला उचलायचं म्हटलं. गल्लीत दोन बायका उभ्या होत्या. काकीने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याचे पुढे आलेले हात परत गेले. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने पिशवी त्याच्या हातात दिली.

"तू जा. तिला भरव," ती म्हणाली. "मी नाय येत."

"आई, मला नाय जमत ते."

"गाडीला एवरं जमतं, तुला नाय?"

आणि ती आत गेली. दादाने मला हाक मारली, चल. मी पुढे बसले. उरणच्या रस्त्यावर कंटेनरच्या रांगा होत्या. त्यांच्यामागे आमची जीप आपल्या नव्या बंपरसकट तासभर सरकत होती.

मावशी पुढच्या खोलीत पलंगावर असते. दार उघडं होतं, त्यातून खाडीचा वास येत होता. दादाने पेज वाटीत ओतली, चमचा पुढे केला. मावशीने चमच्याकडे पाहिलंच नाही. ती त्याच्या खांद्यावरून दाराकडे पाहत होती.

"मावशे, खा गो," तो म्हणाला. तोंड मिटलेलं. त्याने मग थोडा वेळ तिची समजूत काढली. आणि मग त्याने त्या दिवशीची सगळ्यात मोठी चूक केली. म्हणाला, "आई मागनं येतेय. तू खा, ती येतेच हाय."

मावशीचा चेहरा उजळला, एका बाजूने. आता तर तिने खाणं शक्यच नव्हतं. बहीण येणार म्हटल्यावर कोण दुसऱ्याच्या हातून खाईल? ती दाराकडे बघत राहिली. बाहेर कोणाची चप्पल वाजली की तिची मान थोडी हलायची. पेजेवर साय धरली. दादा चमचा हातात धरून बसला होता, गुडघ्यावर पेजेचे थेंब. मला त्याच्याबद्दल जे वाटत होतं ते मी इथे लिहीत नाही. पण माझ्याबद्दल जे वाटलं ते त्याहून फारसं चांगलं नव्हतं. वहीतला आकडा माझ्याकडे होता, त्याच्याकडे नव्हता.

मावशीच्या सुनेने शेवटी वाटी घेतली आणि म्हणाली, ठेवा, संध्याकाळी बघते. आम्ही निघालो तेव्हाही मावशी दाराकडेच पाहत होती. आम्ही दारातून बाहेर पडलो, पण आमच्याकडे नाही.

परतताना दादाने गाडी घराकडे वळवली नाही. विचुंब्याच्या नाक्याआधी एका चाचांचं वेल्डिंगचं दुकान आहे. ग्रिल, गेट, पाण्याच्या टाकीचे स्टँड. दादाच्या ग्रुपमधलं कोणी तिथे गाडी उभीही करणार नाही. त्याने करकचून ब्रेक लावला आणि उतरला. मीही उतरले, वही बॅगेतून काढली. यावेळी तरी मी बोलणार होते.

पण तोच बोलला. "चाचा, माझ्या आईला चढता येत नाय हिच्यात. पायरी लावून द्या."

चाचांनी चष्मा लावला, खाली वाकून बंपर पाहिला, बोटाने ठोकला. चांगला आहे की वाईट, हे काही बोलले नाहीत. हा कापावा लागेल मधून, एवढं म्हणाले. दादाने हो म्हटलं. मी उंची सांगितली. त्यांनी खडूने जमिनीवर तेवढी रेघ मारली. मग उभे राहून त्यांनी विचारलं, "अम्मी कशाला धरून चढतात?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहिलं. वहीत अकरा होतं, खाली रेघ होती. ओटीवर मोजताना काकीचा एक हात सगळा वेळ माझ्या खांद्यावर होता, आणि ते मी लिहिलंच नव्हतं.

"मी पुढं बसलेला असतो," दादा म्हणाला. "मागं नाय बघितलं कधी."

त्याने काकीला फोन लावला, स्पीकरवर टाकला. मावशी जेवली का, हे तिने आधी विचारलं. तो नाय म्हणाला. मग त्याने विचारलं, आई, गाडीत तू कशाला धरून चढतेस?

"हाताला लागंल त्याला," काकी म्हणाली. "काय नाय लागलं तर दाराला. ते हलतं."

चाचांनी मान डोलावली, मागे गेले आणि पाइपांच्या ढिगातून एकाऐवजी दोन तुकडे काढून आणले.