चालीला इस्त्री नको

कंपनीत तिला सगळे 'खोडरबर' म्हणायचे. कुणी स्क्रीनवर नवं बटण आणून ठेवलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "हे काढलं तर कुणाचं काय अडेल?" कंपनी संगीत रचायचं सॉफ्टवेअर बनवायची. स्क्रीनवर काय कुठे दिसावं आणि कशावर बोट ठेवलं की काय व्हावं, हे ठरवणं तिचं काम.

तिची मावशी तिच्याच घरी राहायची. मुलांच्या नाटकांना चाली लावण्यात मावशीची उभी हयात गेलेली. एका रविवारी खोडरबरने सॉफ्टवेअरची अजून बाजारात न आलेली नवी आवृत्ती घरच्या कॉम्प्युटरवर चढवली आणि मावशीला त्याला जोडलेल्या, पेटीसारख्या वाजवायच्या की-बोर्डपुढे बसवलं. मावशीने नुकतीच सुचलेली अंगाई वाजवली. शेवटच्या ओळीत ती मुद्दाम रेंगाळली, मूल झोपलं का ते बघायला आई थांबते तशी. मग दोघींनी ती ऐकली. रेंगाळणं गायब! सगळे सूर ठोक्यावर, कवायतीला उभे.

"हिला इस्त्री कुणी केली गं?" मावशीने विचारलं.

"सॉफ्टवेअर आपोआप सरळ करतं. बंद करता येतं."

"कुठून?"

खोडरबर एकामागून एक मेनू उघडत बसली. तोवर मावशी उठली. "राहू दे. माझी चाल त्यालाच जास्त कळते म्हणायची."

टोमणा जिव्हारी लागला. सोमवारी खोडरबर थेट साहेबांच्या खोलीत गेली.

"वाजवलेलं आधी जसंच्या तसं ऐकू यायला हवं. सरळ करायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. बटण समोर हवं."

साहेब हसले. "नवख्या माणसाला स्वतःचा गोंधळ ऐकवलास तर तो पळून जाईल."

"पळू दे. पण गोंधळ तरी त्याचा असेल."

"आराखडा ठरलाय. तुला जमत नसेल तर दुसऱ्याला देतो."

"जमतं, साहेब. पण करणार नाही."

काम तिच्या शेजारच्या टेबलावरच्या डिझायनरकडे गेलं. तो बिचारा तिची नजर चुकवू लागला. ती मात्र हातावर हात ठेवून बसणाऱ्यातली नव्हती. जेवणाच्या सुट्टीत तिने कँटीनच्या कोपऱ्यात लॅपटॉप आणि की-बोर्ड मांडला. कुणाची परवानगी घेतली नाही. हिशेब खात्यातल्या बाई, लिफ्टवाले काका, जो येईल त्याला ती काहीतरी वाजवायला लावायची आणि मग दोन्ही ऐकवायची, मूळ आणि सरळ केलेलं.

निम्म्यांना सरळ केलेलंच आवडलं.

"हरलीस की!" शेजारचा डिझायनर म्हणाला.

"कशी काय? निम्म्यांना हवंय, निम्म्यांना नकोय. मग विचारायला नको? बस, तूही वाजव."

त्याने शाळेत असताना रचलेली एक धून अडखळत वाजवली. दोन्ही ऐकून झाल्यावर तो बराच वेळ हेडफोन काढेना. मग म्हणाला, "ही दुसरी माझी नाही." त्याच दुपारी त्याने आराखड्यात बटण समोर आणलं आणि आपोआप सरळ करणं बंद केलं.

साहेबांचा पारा चढला. दोघांनाही बोलावून फैलावर घेतलं. दोघंही ऐकेनात, आणि सॉफ्टवेअर बाजारात आणायची तारीख तर तोंडावर आलेली. शेवटी साहेबांनी आराखड्यावर सही ठोकली.

"पण मुख्य डिझायनरची रिकामी झालेली जागा तुला मिळेल, हे आता डोक्यातून काढ," ते खोडरबरला म्हणाले.

"काढलं."

सांगितलं झटक्यात, पण त्या जागेवर बाहेरून माणूस आला तेव्हा तिला लागलंच. घरी येऊन ती चपला न काढताच खुर्चीत बसली.

"पश्चात्ताप होतोय का?" मावशीने विचारलं.

"राग येतोय. पुन्हा वेळ आली तर पुन्हा हेच करीन."

पुढच्या महिन्यात तिची रवानगी दुसऱ्या विभागात झाली. रचलेल्या चालीचं स्वरलेखन सॉफ्टवेअरमधून कागदावर कसं छापून यावं, ते हा विभाग बघायचा. तिथे गेल्या गेल्या तिने एक पान छापून बघितलं. वर ठळक अक्षरांत कंपनीचं नाव, आणि रचणाऱ्याचं नाव खाली, मुंगीएवढं.

"हे कुणी ठरवलं?" खुर्ची पुढे ओढत तिने विचारलं.